‘अहो, कुठलं वाजवताय?’ : एका गाण्याच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

आमच्या रिदम गेममध्ये सहा गाणी जाणार आहेत. पाच ठरली. सहाव्याची जागा मी एप्रिलपासून अडवून ठेवली आहे, कारण ते मराठी असावं आणि त्यात बेंजो असावा असा माझा हट्ट आहे.

आम्ही तिघं आहोत. कोड सांभाळणारा मित्र, चित्रं काढणारी मैत्रीण, आणि गाणी व चार्ट, म्हणजे कधी कुठे टॅप करायचं याची मांडणी, माझ्याकडे. खेळ समजायला सोपा आहे. फोन आडवा धरायचा, चार लेनमधून ठिपके खाली सरकत येतात, ठिपका रेषेवर आला की टॅप करायचं. डाव्या दोन लेन डाव्या हाताच्या, उजव्या दोन उजव्या हाताच्या. बीटपासून ४० मिलिसेकंद इकडेतिकडे चाललं तर ‘अचूक’, ८० पर्यंत ‘बरं’, त्यापुढे गेलं ते गेलं.

आज फोनवर बेंजो म्हणताच कोडवाला मित्र म्हणाला, ‘म्हणजे ते चामड्याचं गोल, गिटारसारखं?’ तो वाढला बोरिवलीत. लालबाग-परळच्या पोराला हा प्रश्न पडला नसता. आमच्याकडे बेंजो म्हणजे लांबट पेटी, वर बटणं, आत तारा, आणि गणपतीत सगळा रस्ता ज्याच्यामागे नाचतो ते वाद्य. पुढच्या शनिवारी त्याला बेंजो वाजवणाऱ्या माझ्या मामाकडे घेऊन जाते.

१४ जून, शनिवार

करी रोडला उतरून चालत काळाचौकी. मामाने बेंजो पलंगाखालून काढला, वरची जुनी चादर सोडली आणि मित्राच्या मांडीवर ठेवला. ‘दाब.’

जवळून पाहिलं तर हे वाद्य फार साधं आहे. डाव्या हाताने बटण दाबलं की खाली लोखंडी पट्टी तारांवर टेकते आणि तारेची लांबी कमी होते. उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या पत्तीने तार छेडायची. बटण सोडलं की स्प्रिंग ते वर उचलते. मामाच्या बेंजोची मधली सात-आठ बटणं झिजून खोलगट झाली आहेत, बोटाचा पेरा बरोबर बसेल एवढी. टोकाची बटणं अजून कोरी करकरीत आहेत. कुठल्या सुरांत या माणसाचं आयुष्य गेलं ते बटणांवर वाचता येतं.

मूळ वाद्य जपानी. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये ते बनवलं, टाइपरायटरची बटणं डोळ्यांसमोर ठेवून. त्याच वर्षी तिकडे ताइशो राजवट सुरू झाली म्हणून नाव ‘ताइशोगोतो’. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं, बलुचिस्तानात बेंजू झालं, आणि मुंबईत पिकअप लावून, अॅम्पला जोडून रस्त्यावर आलं ते बेंजो म्हणून. हे सांगितलं तेव्हा मामा म्हणाला, ‘जपानी? मग माझा कुठला?’ मामाचा बेंजो ग्रँट रोडला एका कारागिराने बनवलेला आहे, हे त्यानेच नंतर सांगितलं.

मित्र अर्धा तास बटणं दाबत बसला होता. निघताना म्हणाला, ‘हे घेऊ या.’

१५ जून

लॅमिंग्टन रोडवरून केबल, दोन जॅक, वाद्य थेट रेकॉर्डिंगला जोडायचा एक डीआय बॉक्स. छत्री दुकानात विसरले, परत गेले.

२२ जून, रविवार

रेकॉर्डिंग. शेजारी पुनर्विकासाचं काम चालू आहे, ते रात्री थांबतं, म्हणून साडेदहाला बसलो. मामा आणि ढोलकीवाले काका समोरासमोर, मध्ये मी लॅपटॉप घेऊन, मामी दारात. पंखा बंद. दहा बाय बाराची खोली पाच मिनिटांत तापली.

क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या एकसारख्या टिक-टिकवर वाजवा असं मी सुचवलं होतं. मामाने एक हेडफोन कानाला लावला, दोन आवर्तनं वाजवली आणि हेडफोन काढून ठेवला. ‘हे माझं ऐकत नाही गं. काका माझं ऐकतात.’ त्यावर मला बोलण्यासारखं काही उरलं नाही. क्लिक बंद केला. सहा मात्रांचा कोळी वळणाचा ठेका, तीन टेक घेतले, दुसरा ठेवला.

बारा वाजता मामीने चहा टाकला. मामा गॅलरीत गेला आणि मामीने मला ती गोष्ट सांगितली. खरं तर हे गाणं तिथे सुरू झालं.

‘विसर्जन करून दुसऱ्या दिवशी हे येतात ना, आडवे झाले की मेल्यासारखे झोपतात. पण डावा हात झोपत नाही. माझ्या दंडावर बोटं चालत असतात ह्यांची. दरवर्षी. मी गप पडून ओळखते, कुठलं गाणं चाललंय ते.’

मी विचारलं, ‘ओळखता येतं?’

‘तीस वर्षं ऐकत्येय. येणार नाही होय?’

मामा आत आला तेव्हा मामी कपबशा विसळत होती. मी त्याला काहीच विचारलं नाही. भांडुपला पोचेपर्यंत गाडीत मुखडा झाला: ‘सांग ना, कुठलं वाजवतोयस?’

२५ जून

टेक नीट ऐकला. अॅम्पची घूं आहे, मोठी आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घूं ५० वर आणि तिच्या पटींवर, १००, २००, ४०० अशी बसते. ती काढायला फिल्टर लावला आणि बेंजोच पातळ झाला. दोनदा तेच. मग मामाचा षड्ज मोजला.

पांढरी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी; तिचा वरचा सूर ३९२ हर्ट्झ. मामाचा षड्ज ४०० निघाला.

मामा ट्यूनर वापरत नाही. अॅम्प चालू करतो, पिळतो, कान देतो, ‘लागला’ म्हणतो. गेली कित्येक वर्षं तो या घूंच्या शेजारी बसून तारा लावतोय, आणि त्याचा षड्ज तिच्याच पटीत जाऊन बसलाय. पाव सुरापेक्षा थोडंसं कमी अंतर वर, पण मुंबईच्या विजेशी तंतोतंत जुळलेला. हे कळल्यावर मी खुर्चीवरून उठून खिडकीत जाऊन उभी राहिले.

फिल्टर काढून टाकला. घूं राहणार, तोच या गाण्याचा तानपुरा. माझा सिंथ आणि बास त्याच्याशी जुळवले: सगळे सूर ज्यावरून मोजतात तो आधारसूर ४४० च्या जागी ४४९. बाकीची पाच गाणी ४४० वर आहेत, त्यामुळे मेनूतून या गाण्यात शिरताना सूर किंचित वर सरकल्यासारखा वाटतो. मला ते हवं आहे.

२९ जून

लयीचं मोजमाप केलं. सुरुवात मिनिटाला १०९ बीट, मध्ये ११२, शेवटी ११६. एकूण १५६ आवर्तनं, २ मिनिटं ४७ सेकंद. ११२ च्या लयीत एक बीट सुमारे ५३६ मिलिसेकंदांचा, आणि त्याचे तीन समान भाग केले तर प्रत्येकी १७९. मामा समान करत नाही. त्याची दुसरी मात्रा सरासरी २२ मिलिसेकंद उशिरा येते. तीच ठेक्याची झोकांडी. ती काढली तर कोळी गाणं परेडच्या चालीवर जाईल.

अडचण अशी की चार्ट सरळ ग्रिडवर, म्हणजे समान अंतरांवर मांडला तर जो कान देऊन खेळतोय तोच मार खाईल. तो मामाबरोबर टॅप करेल आणि ४० पैकी २२ मिलिसेकंद खेळ सुरू व्हायच्या आधीच त्याच्या हातून गेलेले असतील. डोळ्यांनी खेळणारा बरोबर, कानाने खेळणारा चूक. संगीताच्या खेळात हे उलटं व्हायला हवं.

ठरवलं: प्रत्येक आवर्तनाला स्वतंत्र टायमिंग पॉइंट (इथून लय एवढी, अशी खूण), म्हणजे १५६, आणि आतले ठिपके ध्वनीच्या लाटेवर हाताने बसवायचे. ठिपक्यांचा सरकण्याचा वेग मात्र एकच ठेवायचा, नाहीतर लय बदलेल तसा पडदा हेलकावे खातो आणि डोकं दुखतं.

६ जुलै, आषाढी

शब्द झाले. मामीला फोनवर वाचून दाखवले. ती गप्प राहिली. मग म्हणाली, ‘सगळं चांगलं आहे. पण मी ह्यांना “तू” कधी म्हटलं?’

बरोबर आहे. पॉप गाण्यात ‘तू’ आपोआप येतो, हात तिकडेच वळतो. पण हे गाणं मामीच्या तोंडचं आहे आणि मामी ‘अहो’ म्हणते. बदललं:

अहो, कुठलं वाजवताय?
रस्ता निजला, बोटं नाही.
दंडावर माझ्या गल्ली चालते,
गुलाल झटकला, गोंगाट नाही.

गाऊन पाहिलं तर ते जास्त चांगलं बसतं. ‘वाजवतोयस’ शेवटच्या ‘स’वर बंद होतं, श्वास तिथेच तुटतो. ‘वाजवताय’ उघडं राहतं, ‘ता’ हवा तेवढा लांबवता येतो, आणि खेळात तिथे बोट दाबून धरायचा लांब ठिपका देता येतो. आणि ‘अहो’ समेच्या आधी येऊन सम पकडून देतो. मामीने एका वाक्यात माझं आठवड्याचं काम केलं.

१३ जुलै

मिक्सिंग एका स्टुडिओला दिलं होतं. फाइल परत आली. घूं साफ केलेली, सगळे आघात ग्रिडवर ओढलेले, लय सरळ ११२. काम मनापासून केलेलं दिसत होतं, पण मी काय मागितलं ते त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि निम्मे पैसे आधीच दिलेले.

तरी मामाला ऐकवलं. तो डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘छान आहे. कोण वाजवतंय?’

त्याने खरंच विचारलं होतं. मी घरी येऊन मूळ टेक उघडला. मिक्स मीच करणार.

२० जुलै

चार्टचा पहिला मसुदा पाच जणांना खेळायला दिला. गुण चांगले पडले, पाचपैकी चार जण पहिल्याच खेपेला पार झाले. नंतर मी विचारलं, गाणं कशाबद्दल आहे? कुणालाच सांगता आलं नाही. एक जण म्हणाला, ‘गणपतीचं आहे ना?’

चार्ट चुकलेला नाही, पण तो काही सांगतच नाही. सूर आला तिथे ठिपका, ढोलकी आली तिथे ठिपका. बोटं कामाला लागतात आणि शब्द कानावरून निघून जातात.

२६ जुलै, शनिवार

काल रात्री दोनला सुचलं आणि मग झोप लागली नाही.

बेंजोत डावा हात सूर धरतो, उजवा आघात करतो. आमच्या खेळात डाव्या दोन लेन, उजव्या दोन लेन. दीड महिना हे माझ्या डोळ्यांसमोर आहे आणि मी चारही लेन एकसारख्या भरत होते!

जुन्या खेळांत ही वाटणी आहेच. कोनामीच्या बीटमॅनियात, १९९७ मध्ये, पाच बटणं आणि शेजारी फिरवायची तबकडी होती. १९९९ च्या गिटारफ्रीक्समध्ये गिटारच्या मानेवर तीन बटणं आणि छेडायला खटका. २००५ च्या गिटार हिरोने तेच पाच बटणांनी केलं. फोनच्या पडद्यावर हे सगळं सपाट झालं, दोन्ही हात एकच काम करू लागले. पण बटण दाबणारा एक हात आणि तार छेडणारा दुसरा हात, हे नागोयात १९१२ मध्येच ठरलं होतं.

नवी मांडणी: डाव्या लेनमध्ये फक्त ‘धरा’, उजव्या लेनमध्ये फक्त ‘मारा’. वाजवणारा बटण आधी दाबतो, मग छेडतो, म्हणून डावा ठिपका उजव्याच्या जरासा आधी येईल आणि त्याची मोजणी सैल ठेवू. उजवा कडक. बेंजोवर बटणं पंचवीसेक, माझ्याकडे लेन दोन, तेव्हा सूर नेमका दाखवता येत नाही, दिशा दाखवता येते. सूर चढला की आतली लेन, उतरला की बाहेरची. खेळणाऱ्याचा डावा हात मामाच्या हातासारखा मागेपुढे सरकायला लागतो.

आणि तिसरं कडवं. तिथे मामा झोपलेला आहे. उजवा हात नाही. उजव्या दोन्ही लेन पूर्ण रिकाम्या. बेंजो नाही, ढोलकी नाही, घूं नाही, फक्त मामीचा आवाज, म्हणजे माझा, आणि डाव्या लेनमध्ये ठिपके, ज्यांना कुठलाच आवाज नाही. खेळणारा पडद्यावर बोटं टेकवत राहतो आणि काहीच वाजत नाही.

ती बोटं मामाची. पडदा म्हणजे मामीचा दंड.

२७ जुलै

वाद. कोडवाल्या मित्राचं म्हणणं, चार्ट करणाऱ्यांचा पहिला नियम हाच की ठिपका असेल तिथे आवाज हवा, बिनआवाजाचे ठिपके म्हणजे खेळणाऱ्याला फसवणं. नियम चांगला आहे, मीही पाळते. पण इथे तो मोडायला कारण आहे. शिवाय टॅप अगदी निराधार नाहीत. मी शब्द असे गाईन की प्रत्येक टॅप एखाद्या व्यंजनावर पडेल: ‘दंडावर’चा ‘द’, ‘गल्ली’चा ‘ग’. कान दिला तर लय सापडते, नाही दिला तर नाही.

चित्रवालीने वाद मिटवला. तिने तिसऱ्या कडव्याचं चित्र करून आणलं: निळसर खोली, खिडकीतून ऊन, साडीची बाही, आणि टॅप पडेल तिथे कापडाला बारीकशी चुणी. मित्र बराच वेळ त्याकडे बघत होता. ‘करू या,’ म्हणाला.

२ ऑगस्ट

सकाळपासून सगळं आधी-आधी वाटत होतं, ठिपका रेषेवर येतो आणि मग आवाज येतो. कालपर्यंत ठीक होतं. तीन तासांनी सापडलं: खेळाचा आकार कमी करायला मित्राने गाणी एमपी३ केली होती. एमपी३ मध्ये एन्कोडर आणि डीकोडर मिळून सुरुवातीला ११०५ सॅम्पलची शांतता घुसते. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या हिशेबाने ती २५ मिलिसेकंद होते. मामाच्या झोकांडीपेक्षा जास्त! ऑग व्हॉर्बिस या आधीच्या फाइल-प्रकारावर परत आलो.

९ ऑगस्ट

कॅलिब्रेशनचा पडदा, म्हणजे फोनवरचा उशीर मोजून घ्यायची जागा. ब्लूटूथ इअरफोनवर आवाज सहज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे हा पडदा नीट नसेल तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात. आधी नुसती टिक-टिक ठेवली होती. पण सुट्या टिकेवर माणूस नकळत आघाताच्या थोडा आधी टॅप करतो, आणि ती घाई मोजमापात शिरते. मधल्या जागा भरलेल्या असतील तर ती कमी होते. म्हणून काकांच्या ढोलकीची आठ आवर्तनं घातली. सोळा टॅप, त्यांचा मध्य घ्यायचा. आकडे लगेच स्थिरावले.

१० ऑगस्ट, रविवार

एका मंडळाच्या आगमन मिरवणुकीत मामाची पार्टी होती. मी ट्रॉलीच्या मागेमागे रेकॉर्डर घेऊन. पाऊस येत-जात होता, बेंजोवर प्लास्टिक, प्लास्टिकखाली मामाचे हात.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. हलगीवाला ट्रॉलीपासून दहा-बारा पावलं मागे होता. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटरला २९ मिलिसेकंद. त्याने कानावर भरवसा ठेवला तर तो कायम मागे पडेल. पण पडत नव्हता. जेवताना मामाला विचारलं.

‘तो ऐकत नाही, बघतो. माझा उजवा खांदा. खांदा उतरला की मार. नवीन पोरगा असला की महिनाभर मागेच राहतो, मग त्याला कळतं.’

आम्ही कॅलिब्रेशनमध्ये आवाजाचं अंतर आणि चित्राचं अंतर वेगवेगळं मोजतो, ते याचसाठी. मामाच्या लोकांनी ते भर रस्त्यात, चालता चालता सोडवलं आहे. घरी आल्यावर उजव्या लेनच्या ठिपक्याला येताना हलका झोका दिला, खांदा उतरल्यासारखा. चित्रवालीला दुसऱ्या दिवशी दाखवला, तिने तो आणखी कमी केला. आता तो डोळ्याला दिसत नाही, पण हाताला कळतो.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून कोसळतोय. गाड्या बंद, शाळा बंद. तिसरं कडवं घरीच गायले, कपाटाच्या दारामागे गाद्या लावून. पत्र्यावरचा पाऊस सगळ्या टेकमध्ये आला आहे. सातव्या टेकमध्ये ‘गल्ली’चा ‘ग’ जिथे हवा तिथे पडला. पावसासकट तोच ठेवला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पाऊस असू शकतो.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

घरी गणपती. काम नाही.

७ सप्टेंबर, रविवार

साडेआठला मामाकडे पोचले. मामी जागीच होती. रस्ते ओले, चपलांचे ढीग, झाडूवाल्यांचं काम चालू. मामा दहा वाजून गेल्यावर आला, बेंजो खांद्यावर लहान मुलासारखा धरून. केसांत गुलाल, आवाज बसलेला. मामीने बादलीत कोमट पाणी दिलं, त्याने हात कोपरापर्यंत बुडवून ठेवले आणि तसाच बसून राहिला. डाव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांना बटणांचे गोल वळ उठले होते.

दोन घास खाऊन तो आडवा झाला. मामी शेजारी भिंतीला टेकून बसली. दहाएक मिनिटांनी तिने माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

रेकॉर्डर पिशवीत होता. तो मी बाहेर काढला नाही. त्यात काही आलंही नसतं, मामीच्या दंडावर आवाज कुठे होता! पण मी पाहिलं. तर्जनी, मधलं बोट, पुन्हा तर्जनी, अनामिका लांब. थांबणं. परत.

मामी ओठांनीच बोलली: गाण्याचं नाव. ते मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

शेवटची चाचणी मामाच्या खोलीत. आधी मामा खेळला. फोन हातात धरेना, मांडीवर आडवा ठेवला, बेंजोसारखा. डाव्या लेनमध्ये जवळजवळ एकही चुकला नाही. उजव्या लेनमध्ये सगळे उशिरा, ५० ते ६० मिलिसेकंदांनी, आणि सगळे सारखेच उशिरा. काचेवर तार नाही ना. त्याचा हात तार लागायची वाट बघतो. मित्राने आकडे उतरवून घेतले. उजव्या हाताचं कॅलिब्रेशन वेगळं ठेवायची सोय द्यावी असं ठरलं, दोन दिवसांचं काम आहे.

तिसऱ्या कडव्याला मामाने हात थांबवला आणि फोनकडे बघितलं. ‘बंद पडला काय?’

‘नाही मामा, चालू आहे. वाजवत राहा.’

त्याने मामीकडे पाहिलं. मामी डाळ निवडत होती, तिने वर पाहिलं नाही. या रूपात गाणं त्याने पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. नंतर फोन खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

मग मामीने हात पुसले आणि फोन मागितला. पहिली दोन कडवी तिने खेळलीच नाहीत, ठिपके येऊ दिले, जाऊ दिले. तिसरं आल्यावर डावा हात पडद्यावर ठेवला. डोळे मिटून घेतले. मित्र माझ्या शेजारी बसून लॅपटॉपवर आकडे बघत होता, त्याने माझा हात दाबला. ‘अचूक’, ‘अचूक’, ‘अचूक’.

आठव्या आवर्तनाला एक टॅप जास्त पडला. चार्टमध्ये तो नव्हता, खेळाने ‘चुकलं’ दाखवलं.

मामीने डोळे उघडले. ‘इथे एक राहिलंय तुझं. ओळ संपताना ह्यांचं मधलं बोट दोनदा पडतं. पहिल्यापासून.’

७ तारखेची माझी नोंद काढून पाहिली. तिथे मी ‘थांबणं’ असं लिहिलं आहे.

बदल, आवृत्ती ०.९.४: तिसरं कडवं, आठवं आवर्तन, सहावी मात्रा. डावीकडून दुसरी लेन. एक टॅप वाढवला.